नऊ गाठींचा दोरा

ग्लासगो
७ जानेवारी १९७१

प्रिय ओयरिक आत्या,

सुखरूप पोचले. बोटीत निम्मे लोक हिरवेपिवळे झाले होते. मी आपली तू दिलेली ओटची भाकरी आणि चीज खात बसले, त्यामुळे माझ्या जवळपासही कोणी फिरकलं नाही. ओबानपर्यंत अख्खा बाक मला एकटीला!

विद्यापीठात आमच्या विभागाचे तास सुरू झाले. सकाळी जुनी आयरिश, दुपारी वेल्श आणि शुक्रवारी आपली गेलिक, तीही इंग्रजीतून शिकवतात. घरातल्याच माणसाशी कोणीतरी तिसऱ्याने ओळख करून द्यावी, तसं वाटतं. यंदाचं शेवटचं वर्ष, म्हणजे मे महिन्यात प्रबंध द्यायचा. 'बेटांवरचे दुखणी उतरवायचे मंत्र' असा विषय मी सांगितला तर आमचे प्राध्यापक डॉ. ऑरमिस्टन खुर्चीतून उठून उभेच राहिले.

रूरी पोस्टमनचं मनगट कसं आहे? नववर्षाच्या दिवशी तू त्याला दोरा बांधलास, तो मेला 'थँक्यू' म्हणाला आणि तू पळीने त्याचं टाळकं शेकलंस, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. फर्गस लोगन हसून हसून बाकावरून पडायचा राहिला. हा एक वर्ष मागे, पण गेलिकला आमच्याच वर्गात. अडतीस वर्षांचा आहे, पंधरा वर्षं गोदीत जहाजांना वेल्डिंग करायचा, आता आमच्यासारख्या पोराटोरांत बसून शिकतो. त्याची आजी यूइस्टचीच.

आत्या, एक विचारू? मुरगळल्याच्या त्या मंत्राचे शब्द मला सांगशील का? फक्त प्रबंधापुरते. नाही म्हणालीस तर रागावणार नाही.

तुझी,
मार्सली


साउथ यूइस्ट
११ जानेवारी

मार्सली पोरी,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, म्हणजे विद्यापीठाचा काहीतरी उपयोग आहे म्हणायचा. माझ्या शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळेत आम्हाला इंग्रजी तेवढी लिहायला शिकवली आणि गेलिक बोललं की तळहातावर पट्टी. आपली भाषा मी कानाने लिहिते.

मंत्राचं म्हणशील तर नाही. उत्तर माहीत असून विचारतेस, तुला काय म्हणावं! पुरुषाने बाईला द्यायचा, बाईने पुरुषाला, असाच तो चालत आलाय. माझ्या बापाला त्याच्या आईने दिला, बापाने मला दिला. मी तुला सांगितला तर तुझ्याकडेही राहायचा नाही आणि माझ्याकडेही. तुझ्या भावाला देणार होते मी. तर नील काय म्हणाला? "आत्या, आमच्या जहाजावर डॉक्टर असतो." बरं बाबा, असू दे तुझा डॉक्टर.

मला एकाहत्तरावं लागलंय. मी गेले की हा माझ्याबरोबर मातीत जाणार, आणि शेवटची मीच ठरणार, याची टोचणी मला झोपेतसुद्धा लागते. बापाला वर गेल्यावर काय तोंड दाखवू?

आणि आता एक गोष्ट सांगते, ती कोणापाशी बोलू नकोस. रूरीचं मनगट उतरलं नाही. सलगमासारखं सुजलंय. असं आजवर कधी झालं नव्हतं. पत्रं डाव्या हाताने वाटतो बिचारा, आणि मला बघितलं की मान फिरवतो.

तुझी आत्या,
ओयरिक


ग्लासगो
१३ जानेवारी

प्रिय आत्या,

रूरीच्या मनगटाचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. हाड मोडलं असेल, मग त्याला दोरा तरी काय करणार? त्याला दवाखान्यात पाठव. थंडीही किती आहे. तुझं वय झालं असं मी म्हणत नाही, पण दमत असशील.

इकडे सगळं ठीक. मंत्राचं राहू दे, मी दुसरं काहीतरी बघेन. अभ्यास फार आहे म्हणून आज थोडक्यात लिहिते.

मार्सली


साउथ यूइस्ट
१६ जानेवारी

मार्सली,

पत्र फारच थोडक्यात आलं. तुझी पत्रं थोडक्यात कधीपासून यायला लागली? लहानपणी कपाटातला जॅम संपवायचीस तेव्हा अशीच कमी बोलायचीस.

काल पाद्रीबाबांची घोडी लंगडत आली. दोरा बांधला, नऊच्या नऊ गाठी मारल्या. आज आणखी लंगडते. म्हणजे माझ्या हातचा गुण गेला, यात आता शंका नाही.

बसल्या बसल्या विचार करते. बाप म्हणायचा, तो तीनच कारणांनी जातो. मोबदला घेतला तर, आभार स्वीकारले तर, किंवा बाईने बाईच्या कानावर घातला तर. मोबदला मी कधी घेतला नाही. आभाराला पळी आहे. आणि बाईच्या कानावर तर मी घातलेला नाही. रूरीला बांधला तेव्हा तू न्हाणीघरात होतीस ना? की आणखी कुठे होतीस?

ओयरिक


ग्लासगो
२० जानेवारी

आत्या,

आजपासून टपालवाल्यांचा संप. हे पत्र कधी निघेल देव जाणे. दुकानातल्या फोनवर तुला बोलावून घेतलं असतं, पण त्या फोनवर बोललेलं गावातली कुत्रीसुद्धा ऐकतात. आज लिहिलं नाही तर मला घास गिळायचा नाही, म्हणून लिहितेच.

मी चोरी केली. नववर्षाच्या दिवशी टेबलाखालच्या लोकरीच्या टोपलीत विभागाचा टेपरेकॉर्डर ठेवला होता. मी न्हाणीघरात गेले, पण बटण दाबून गेले. तू रूरीवर जे पुटपुटलीस ते सगळं त्या फितीवर आहे. बाईच्या तोंडून निघालं आणि बाईने ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, वर्गात वाजवलं. तुझ्या हातचा गुण मी घालवला, आत्या. तू मला लहानाची मोठी केलीस, आणि मी टोपलीत यंत्र लपवलं.

२ फेब्रुवारी

संप चालूच. सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. डॉ. ऑरमिस्टन फितीवर फिदा आहेत. आवाज लोकरीतून आलाय, म्हणून चार-पाच नावंच काय ती कळतात. त्यांचं म्हणणं, असा मंत्र आजवर कोणाला सापडलेला नाही, यातली नावं ख्रिस्ताच्याही आधीच्या देवींची आहेत. रीवक ही पहाटेची देवी आणि दोनक ही पृथ्वीमाता. चार पानं टिपणं काढलीत त्यांनी. खरं सांगू? मला ती नावं ओळखीची वाटत होती. पण डॉक्टरांपुढे कोण तोंड उघडणार?

१९ फेब्रुवारी

फर्गसला सांगितलं. मला वाटलं समजूत घालेल. तो म्हणाला, "चोरी केलीस ती केलीस. आता चोरीचा माल तरी परत कर." आज डॉक्टरांकडे गेले आणि फीत मागून घेतली. म्हटलं, ही प्रबंधात येणार नाही, परवानगी नव्हती. ते म्हणाले, "मग तुझ्या प्रबंधात उरलं काय?" मी म्हटलं, माहीत नाही. फीत माझ्या पेटीत आहे. मोज्यात गुंडाळून ठेवलीय. मी पुन्हा ऐकलेली नाही.

रोज वाटतं की तू दारात बसली आहेस, लोक येतात आणि तू त्यांना परत पाठवतेस.

८ मार्च

संप मिटला. आत्ता टाकते. तू मला घरात घेतलं नाहीस तरी चालेल, पण एक ओळ लिही.

मार्सली


साउथ यूइस्ट
१२ मार्च

अगं भवाने! ओकलीस एकदाची!

आधी डोळे पूस आणि मग पुढे वाच. रूरीचं मनगट नऊ जानेवारीलाच बरं झालंय. नाचात त्याने तीन बायकांना गरागरा फिरवलं. पाद्रीबाबांकडे घोडी नाहीच मुळी, बाबा सायकलवरून हिंडतात, हे तुला माहीत असायला हवं होतं. पण मन खात असलं की माणूस सायकलीलासुद्धा घोडी समजतो.

बये, मी म्हातारी आहे, बहिरी नाही. मांजर माझ्या मांडीवर झोपलेलं आणि गुरगुर मात्र टोपलीतून येतेय! वाकून बघितलं तर लोकरीत लाल दिवा. मनात म्हटलं, असं आहे होय? मग रूरीच्या मनगटावर मी माझ्या आईपासूनच्या आमच्या सगळ्या गाईंची नावं मंत्राच्या चालीत म्हटली. तुझी बोट सुटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले आणि खरा मंत्र घातला.

दोनक म्हणे पृथ्वीमाता! दोनक लाथा मारायची. तुझ्या आजोबांचे पुढचे दोन दात तिनेच पाडले. आणि पहाटेची देवी रीवक कुंपण तोडून दुसऱ्याच्या बटाट्यात शिरायची, पहाटेच शिरायची हे मात्र खरं. तुझ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग आणि चार पानं जपून ठेव म्हणावं, गाईंवर एवढं कोणी लिहिलं नसेल.

ती दोन पत्रं मी तुला बोलतं करायला लिहिली. आठवडाभरात कबूल होशील असा माझा हिशेब होता. मध्येच या मेल्यांनी संप केला आणि मीच सात आठवडे तळमळत बसले. वाटायचं, पोर आजारी पडली असेल, माझी थट्टा अंगाशी आली. रूरीला म्हटलं, तूच चालत जा ग्लासगोला. तो म्हणतो संप म्हणजे संप.

रागावले होते. खूप रागावले होते. पण तू डॉक्टरांकडून फीत परत घेतलीस ते वाचलं आणि राग गेला. तुझे आजोबा असते तर त्यांनी तेच केलं असतं.

मंत्र शाबूत आहे. आता नीट जेव.

तुझी आत्या


ग्लासगो
१७ मार्च

आत्ये,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून मोठ्याने रडले. घरमालकीण धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, "नाही हो, मनगट बरं झालं!" तिने मला चहा करून दिला.

डॉक्टरांना सांगितलं. ते खिडकीकडे वळले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, तर हसत होते! डोळे पुसत म्हणाले, "तीस वर्षं या भाषा शिकवतोय, आणि एका गाईने मला लाथ मारली." मग विचारलं, "तुला नावं ओळखीची वाटली होती ना? मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं, तुम्ही डॉक्टर आहात. ते म्हणाले, "आणि तुझी आत्या?"

प्रबंधाला मुदत मेच्या सुरुवातीपर्यंतच आहे. काय लिहायचं कळत नाही. पण छातीवरचा दगड उतरलाय, त्यामुळे आता काहीही चालेल.

आत्या, तुझ्यासाठी मी काय करू शकते ते सांग.

मार्सली


साउथ यूइस्ट
२० मार्च

काय करू शकतेस? माझ्यासाठी पुरुष बघ.

हसू नकोस. प्रामाणिक हवा, हात न थरथरणारा हवा आणि तोंडात गेलिक हवी, मोडकीतोडकी का असेना. चोरीचा माल परत करायला सांगणारा तो तुझा गोदीवाला कसा आहे?

ओयरिक


ग्लासगो
२४ मार्च

आत्या,

फर्गसला पत्र वाचून दाखवलं. इतकी वर्षं तो लोखंड जाळत होता तेव्हा घाबरला नाही, आणि आता म्हणतो, "माझे उच्चार ऐकून ती मला बोटीवरच परत पाठवेल." त्याची आजी त्याच्याशी गेलिकमध्ये बोलायची आणि तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा. ती गेल्यावर पुस्तकं उघडली. त्यासाठीच गोदी सोडली म्हणतो. शिवाय तो आपल्यासारखा कॅथलिक नाही, प्रॉटेस्टंट आहे, हेही आधीच सांगून टाकते.

ईस्टरला येईल. पण आत्या, उगाच छळू नकोस त्याला.

मार्सली


साउथ यूइस्ट
१९ एप्रिल

मार्सली पोरी,

तुझा प्रॉटेस्टंट परवाच्या बोटीने परत निघाला. मुरगळलेला पाय धर्म विचारत नाही, तेव्हा मीही विचारला नाही. गावाने मात्र सगळं विचारलं. पत्रात 'मंत्रासाठी' असं स्पष्ट लिहायला हवं होतं मी! रूरीने पाकीट उजेडात धरून वाचलेलं, त्यामुळे धक्क्यावर चौदा माणसं हजर, ओयरिकचा नवरा बघायला.

छळला, थोडासाच. पहिले दोन दिवस कोकरांच्या मागे पळवला. रात्रभर चिखलात बसून एक अडलेली मेंढी त्याने सोडवली आणि सकाळी तिच्याचकडे माफी मागत होता. त्याची गेलिक म्हणजे दगडांनी भरलेली गाडी. पण काय गंमत आहे, मधूनच एखादा शब्द असा येतो की मी दचकून बघते. माझी आई बोलायची तसा. त्याच्या आजीचा असणार.

तिसऱ्या दिवशी त्याला ओढ्यावर नेलं, कारण वाहत्या पाण्याजवळच द्यायचा असतो. मी तीनदा म्हटला, मग तो. पहिल्यांदा अडखळला. दुसऱ्यांदा मध्येच थांबला. तिसऱ्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणाला, आणि मी दगडावर बसले आणि ढसाढसा रडले. बाप गेल्यावरसुद्धा इतकी रडले नव्हते. वीस वर्षं उरावर होतं गं. तो बावळट आभार मानायला तोंड उघडणार, इतक्यात मी बोट उगारलं. मग त्याने टोपी काढली आणि परत डोक्यावर घातली.

आता मी शेवटची नाही. उद्या डोळे मिटले तरी चालेल, पण आधी बटाटे लावायचेत.

त्याला सांगून ठेवलंय की पुढे कोणाला द्यायचा. पुरुषाने बाईला. बाई कोण ते तो तुला सांगेल.

तुझी आत्या


ग्लासगो
३० मे

आत्या,

तुला माहीत होतं. पहिल्यापासूनच तुझ्या मनात हे होतं ना?

फर्गस मला केल्विन नदीच्या काठी घेऊन गेला. वरून पुलावरच्या बसेस धडधडत होत्या आणि एक माणूस बदकांना पाव टाकत होता. तीनदा त्याने म्हटला, तीनदा मी. लहानपणी दाराआडून जो गुणगुणाट ऐकत मी झोपायचे त्याला शब्द आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. इथे चार वर्षं जे शिकले ते सगळं एका बाजूला.

प्रबंध दिला. कोणी कोणाला दिला, लोकर कुठल्या मेंढीची, गाठी कशा मारायच्या आणि पळी कशाला लागते, हे सगळं त्यात आहे. जिथे मंत्र यायचा तिथे एक कोरं पान सोडलंय. खाली एवढंच लिहिलंय की हे कागदावर उतरवायचं नसतं. डॉक्टरांनी ते पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "गाई छापण्यापेक्षा हे बरं." पास झाले, आत्या! चांगल्या श्रेणीत! फर्गसचं अजून एक वर्ष आहे, पण तोच पास झाल्याच्या थाटात मिरवतोय.

चार तारखेच्या बोटीने आठवडाभर येते. चुलीसाठी दलदलीतली पीटची माती कापायला माणूस हवंच असेल.

मार्सली


ग्लासगो
१९ जून

प्रिय आत्या,

ग्लासगोला परत येऊन आठवडा झाला आणि डोक्यातून तुझा घोटा जात नाही. तू पीटच्या खड्ड्यात पडलीस तेव्हा तुझं ओरडणं ऐकून मी फावडं टाकून धावले. त्यात तू म्हणालीस, "मला स्वतःला बांधता येत नाही, नियम आहे. बघतेस काय, लोकर आण!"

आता खरं सांग. थट्टा नको, घोडी-सायकल नको. सातव्या गाठीला माझा हात थरथरला. तू डोळे मिटून पडली होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. शब्द मी ओठांतल्या ओठांत म्हटले, तुझ्या कानावर पडू दिले नाहीत, आणि चुकलेही नाहीत, पण एका जागी मला श्वास घ्यावा लागला. आणि मनात सारखं येत होतं, मी एकदा चोरी केलेली आहे, माझ्या हाताला कुठला गुण येणार? निघताना तू धक्क्यापर्यंत रूरीच्या गाडीतून आलीस, काठी टेकत. मला बरं वाटावं म्हणून हसत होतीस.

माझ्यापाशीच हा मोडला असेल तर ते मला कळू दे. दुखणं उतरलं की दोरा आपोआप गळतो, तसा तो गळला का? तू तो कापलेला नाहीस ना?

मार्सली


साउथ यूइस्ट
२८ जून

मार्सली पोरी,

हात थरथरलेला मला कळला. डोळे मिटले होते, घोटा जागा होता. माझा पहिल्या वेळी इतका थरथरला होता की गाठी नऊच्या अकरा झाल्या. बापाने दोन सोडवल्या आणि कोणाला सांगितलं नाही.

दोरा मी कापला नाही. गुरुवारी कोंबड्यांना दाणे टाकताना बघितलं तर पायात नव्हता. शोधला, सापडला नाही, सापडायचाही नसतो. काठी दाराआड ठेवली. काल रविवारी चर्चला पायी गेले आणि पायीच आले, येताना चढाची वाट धरली. रूरी गाडी थांबवून म्हणाला, "बस की." म्हटलं, चल हट.

शेजारचा एक जण परवा खांदा धरून आला होता. त्याला म्हटलं, मी बांधते, पण ऑगस्टमध्ये आमची मार्सली येतेय, थांबवत असेल तर थांब. तो म्हणाला, थांबतो.

फर्गसला माझा निरोप दे, कोकरं मोठी झाली. तू नीट खा. डॉक्टरांना दोनकची आठवण करून दे.

पायाबद्दल तुला काय काय लिहावंसं वाटतंय, पण तुला नियम माहीत आहे, आणि पळी माझ्या हाताशीच आहे. तेव्हा आभारबिभार काही मानत नाही हं मी. अजिबात मानत नाही.

तुझी आत्या,
ओयरिक